मकल्ल्याला न पोचलेल्या छागळी

आमचं घर कातडं कमावणाऱ्यांचं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला कुजबुजायचे कष्ट नकोत. माझ्या बापाने, त्याच्या बापाने आणि त्याच्याही आधीच्यांनी बीडच्या वेशीबाहेरच्या गल्लीत बसून छागळी केल्या. त्याच गल्लीतून मी हैदराबादेला गेलो आणि बी.ए. होऊन परत आलो. दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे.

छागळ म्हणजे शेळीच्या कातड्याची पाण्याची पिशवी. चुन्यात केस काढायचे, तरवडाच्या सालीत कातडं मुरवायचं, रापीने बेतायचं, आरीने टाचायचं, तोंडाला तोटी बसवायची. चांगली छागळ गळत नाही, नुसती पाझरते. बाहेरून ओली राहते आणि आतलं पाणी गार होतं. भर उन्हात बैलगाडीच्या दांडीला लटकवली तरी दुपारी प्यायला घोटभर गार मिळतं. बीडच्या छागळीचं नाव निजामाच्या अख्ख्या मुलखात होतं. हे मी बापाचा मुलगा म्हणून सांगत नाही, हैदराबादेत माझ्या वर्गातल्या नवाबजाद्यांच्या शिकारीच्या सामानात बीडची छागळ असायची म्हणून सांगतो.

आमच्या घरात एक रीत होती. छागळ कोरडी द्यायची नाही. तयार झाली की पाणी भरून टांगायची, तरवडाचा वास जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं, आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना तळाला ओंजळभर पाणी ठेवायचं. बा म्हणायचा, "पान्याचं भांडं रिकामं देऊ न्हाई. आन् दिलेलं पानी मागं घेऊ न्हाई." रीत एवढीच.

आता यातली अडचण सांगतो. आमच्या हातची छागळ गावाला चालायची, आमच्या हातचं पाणी चालायचं नाही. पाटील, देशमुख, वाणी, शेतकरी, सगळे छागळ घ्यायचे आणि बापाच्या समोरच ते ओंजळभर पाणी धुळीत ओतायचे. काही तर आधीच सांगायचे, "कोरडी कर रे, मंग दे." बा कोरडी करायचा. आजाही करायचा. रीत घरातल्या घरात राहिली होती.

ती घराबाहेर पडली एका अरबामुळे. बीडच्या सरकारी खजिन्यावर अरबांचा पहारा असे. त्यांचा जमादार उंच, हडकुळा, पिकल्या दाढीचा माणूस होता. समुद्रापलीकडच्या मकल्ला बंदरातून जहाजात बसून आलेला, पण मूळचा त्या बंदरामागच्या डोंगरांपलीकडल्या खोऱ्यातला. माझ्या लहानपणी तो एकदा छागळ घ्यायला गल्लीत आला. बा पाणी ओतायला गेला तर याने हात धरला.

"कायकू फेकते? पानी है ना?"

बा म्हणाला, "आमच्या हातचं हाय, जमादारसाब."

"मालूम. तुम्हीच तो भरे होंगे, दुसरा कौन भरेगा," असं म्हणून तो तिथेच उभ्याउभ्या ते पाणी प्यायला, आणि तोंड पुसत म्हणाला, "तरवड का वास जरा बाकी है, उस्ताद."

बापाला त्या दिवसापर्यंत कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं. वास राहिल्याचं मात्र त्याला इतकं लागलं की त्याने ती छागळ परत टांगली आणि पुन्हा पाणी बदलून मगच दिली. या दोघांची दोस्ती तिथून सुरू झाली. जमादार सुट्टीवर गेला तेव्हा चार छागळी बरोबर नेल्या. त्या तिकडच्या उंटवाल्यांनी पाहिल्या आणि मागणी आली. मग दरवर्षी आमच्या गल्लीतल्या छागळी गठ्ठ्यांत बांधून बैलगाडीने नगरला, तिथून आगगाडीने मुंबईला आणि मुंबईच्या एका अडत्यामार्फत जहाजाने मकल्ल्याला जायला लागल्या. प्रत्येकीच्या पोटात ओंजळभर पाणी, तोटीला घट्ट बूच. बापाने गावातली विक्री हळूहळू बंदच केली. सिरसाळ्याच्या बाजारापुढे पाऊल न टाकलेला माणूस, पण गल्लीत कुणी टोमणा मारला की म्हणायचा, "माझ्या हातचं पानी अरबस्तानात पितेत."

मी बी.ए. होऊन आलो तेव्हा बापासाठी एक भेट आणली होती. कॉलेजच्या वाचनालयात मला मकल्ल्याच्या व्यापाराचा इंग्रजी वार्षिक अहवाल सापडला होता. त्यातला आयातीचा भाग मी उतरवून आणला. संध्याकाळी ओट्यावर बा, जमादार आणि शेजारचा माझा चुलता बसले होते. मी मराठी करून वाचायला लागलो. तांदूळ, कापड, साखर, कॉफी, खजूर, सगळं बाहेरून येणारं. जाणारं काय, तर तंबाखू, मध, सुकी मासळी, धूप.

बा वाट बघत होता. "छागळ कुठाय?"

"छागळ असं नाव नाही. शेवटी 'इतर सामान' म्हणून एक रकाना आहे, त्यात असणार."

चुलता मांडीवर थाप मारून हसला. "घ्या. बी.ए. करून आना, मंग कळतंय आपन इतरांत हाव म्हून."

"असू दे की," बा म्हणाला. "सायबाला काय ठावं छागळ. रकाना तर दिलाय."

जमादार मात्र हसला नाही. मी पुढचा परिच्छेद वाचला होता तो त्याने मला परत वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं, की आतल्या टोळ्यांनी मकल्ल्याच्या सुलतानाविरुद्ध बंड केल्याने बंदराकडे उतरणारे रस्ते मधूनमधून बंद पडतात, आणि तसं झालं की त्या वर्षीची आयात घटते.

"म्हंजी?" बापाने विचारलं.

मी त्याला समजेल असं सांगितलं. सिरसाळ्याच्या बाजाराला खेड्यापाड्यांतल्या गाड्याच आल्या नाहीत, तर बांगडीवालीचं दुकान चालेल का? तसंच ते. खोऱ्यातले उंट तंबाखू आणि मध घेऊन खाली उतरले नाहीत, तर बंदरात कापड कोण घेणार, साखर कोण घेणार.

"आन् छागळ उंटवालाच घेतो," बा सावकाश म्हणाला.

"वही लेता," जमादार म्हणाला. "समंदर के किनारे छागळ किसको होना?"

त्या वर्षीचे गठ्ठे पंधरवड्यापूर्वीच मुंबईला गेले होते.

पुढे अडत्याचं पत्र आलं. मकल्ल्यामागचे रस्ते बंद झालेत, तिकडचा व्यापारी नवा माल उतरवून घेत नाही, तुमचे गठ्ठे माझ्या वखारीत पडून आहेत, रस्ते उघडले की पाठवतो. पत्र साधं होतं. बापाने ऐकलं आणि हातातली आरी खाली ठेवली.

कारण पाणी. छागळीतलं पाणी महिन्याभराच्या प्रवासाच्या हिशोबाने ठेवलेलं असायचं. पलीकडे पोचली की उंटवाला बूच काढायचा, लगेच वापरायला घ्यायचा. पण बूच मारलेली, एकावर एक दाबून बांधलेली छागळ दमट वखारीत पडून राहिली तर पाणी नासतं, आणि नासलेलं पाणी कातडं खातं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कारागिराने हा माल कोरडा करून, तेल लावून, घडी घालून पाठवला असता आणि तो वर्षभर टिकला असता. आमचाच माल आमच्या रीतीमुळे नासणार होता. गल्लीतल्या चार घरांचं वर्षभराचं काम त्या गठ्ठ्यांत होतं. आणि नासका माल एकदा वखारीत निघाला की अडत्या बीडच्या छागळीला पुन्हा दारात उभं करणार नाही, मग परत गावाची विक्री, परत "कोरडी कर रे".

मी अडत्याला लिहिलं, गठ्ठे उघडा आणि पाणी ओतून टाका. त्याचं उत्तर आलं, दुसऱ्याच्या मालाची गाठ मी सोडत नाही. उघडायचा असेल तर परत न्या.

"परत मागवू," मी बापाला म्हणालो.

"न्हाई."

"कावून न्हाई?"

"दिलेलं पानी हाय त्यात. मागं घेत न्हाईत."

"बा, नासून जाईल सगळं."

"जाऊ दे. पर त्या गठ्ठ्याचं पानी माझ्या उंबऱ्यात न्हाई यायचं. उद्या लोक म्हनतील, अरबानं बी परत केलं."

मला कळलं की रीत पुढे होती आणि मागे ही भीती होती. मी अडत्याचं पत्र घडी घालून ठेवलं. बोलायला चुलता होताच.

"तू बी.ए. झालास ना बे? तिथला सुलतान म्हनं आपल्या निजामसरकारच्या पदरी अरब फौजेचा बडा जमादार हाय, हैदराबादेत त्याची हवेली हाय. लिही की त्याला. म्हनाव, तुमचं भांडन मिटवा, आमच्या छागळी सडायल्यात."

"लिहितो," मी म्हणालो. "खाली तुमची सही घेतो."

"माझा अंगठा कावून? मला हैदराबाद बघायची हौस न्हाई."

बापाने जमादाराला गाठलं. मी बरोबर होतो. जमादार खजिन्याच्या दारात बाजेवर बसला होता. बापाने सरळ विचारलं, "तुमचे लोक रस्ता कवा सोडतील?"

जमादाराने बराच वेळ दाढी कुरवाळली. त्याचा धाकटा भाऊ आत खोऱ्यात होता. बंड करणाऱ्या टोळीत त्यांचे सोयरे होते, आणि सुलतानाकडेही सोयरेच होते. कित्येक महिन्यांत त्याला घरची चिठ्ठी नव्हती. हे तो सहसा बोलायचा नाही.

"मेरे लोगां हैं, उस्ताद, मैं जानता. बंद बोले तो बंद. मेरे भाई की खबर नै आती, तुम्हारी छागळ क्या जाएगी. वापस मँगाओ."

"वापस न्हाई घेता येत मला."

"क्यों नै?"

बापाने रीत सांगितली. जमादाराने ती हसण्यावारी नेली नाही. त्याच्याकडेही असल्या रीती असणार. पण तोड निघाली नाही, आणि आम्ही हात हलवत घरी आलो.

तोड काढली मायनं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, बा ओट्यावर बसला होता. ती आतूनच म्हणाली, "अवो, ते पानी दिलं कुनाला हुतं?"

"अरबाला."

"मंग अरबालाच मिळू द्या की. अरब काय निस्ता मकल्ल्यातच ऱ्हातो? खजिन्यावर एक उभा हाय न्हवं? गाडी दारात आनूच नका. नगरहून सरळ तिकडं न्या. त्यानं उतरवून घेतलं म्हंजी पोचलं."

बापाने मान वर केली. म्हणाला, "भाकर करपायली बघ."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मला म्हणाला, "चल, जमादाराला इचारू."

जमादाराने सगळं ऐकून घेतलं. "मैं मकल्ले का नै, उस्ताद. मकल्ले से तो खाली जहाज में बैठा. चलेगा?"

"चालतंय," बा म्हणाला.

गठ्ठे नगरहून गाडीत आले. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर कारकुनाने अडवलं. बाहेरचा माल आत येतोय, महसूल भरा. मी त्याला उर्दूत सांगितलं की हा माल बाहेरचा नाही, बीडचाच आहे, फिरून आलाय. तो म्हणाला, मुंबईहून आलेला माल बाहेरचाच. मी म्हणालो, मग मीही हैदराबादेहून आलोय, मीही बीडचा नाही का? त्याने माझ्या टोपीकडे, मग माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलं, कुठे शिकलात विचारलं आणि गाडी सोडली. शिक्षणाचा मला त्या वर्षात झालेला हा सगळ्यात रोकडा उपयोग.

गाडी गल्लीवरून गेली तेव्हा बायका दारात उभ्या होत्या, पण कुणी पुढे आलं नाही. खजिन्याच्या अंगणात जमादाराने दोन शिपायांना हाक मारली आणि गठ्ठे स्वतः उतरवून घेतले. पहिली गाठ सुटली तसा असा वास आला की शिपायांनी फेट्याची टोकं नाकाला लावली. तळाचा गठ्ठा गेला होता. छागळीच्या पोटाला हात लावला की बोट आत जायचं. बापाने त्या एका बाजूला ठेवल्या, एकेक, मेलेल्या कोकराला ठेवावं तशा. वरच्या गठ्ठ्यांतल्या बहुतेक जगल्या होत्या. फुगल्या होत्या, डागाळल्या होत्या, पण शिवण धरून होती.

जमादाराने एकीचं बूच काढलं आणि ती तोंडाशी न्यायला लागला. मला वाटतं, तो खरंच प्यायला असता. बापाने त्याचा हात धरला.

"नगं, जमादारसाब. म्या नासवलंय त्ये. ओता."

"तुम्हारा पानी है."

"व्हय. म्हून मीच सांगतो."

मग दोघांनी मिळून सगळ्या छागळी कडुलिंबाच्या बुडाशी रिकाम्या केल्या. धुवायला पाणी हवं होतं. अंगणातल्या आडावर आम्हाला पोहरा टाकता येत नव्हता, ते सांगावंही लागलं नाही. जमादाराने बाह्या वर केल्या आणि दुपारपर्यंत पाणी शेंदलं. तो ओतत होता, बा धूत होता, मी टांगत होतो. खजिन्याच्या भिंतीवर, बंदुकांच्या खुंट्यांवर, पहाऱ्याच्या देवडीत, जिथे जागा मिळाली तिथे छागळी लटकल्या. तहसीलदार कचेरीतून बाहेर आले, हे काय म्हणून विचारलं. जमादार म्हणाला, "मेरा माल है, सरकार. मकल्ले का." तहसीलदारांना मध्ये पडावंसं वाटलं नसावं. ते आत गेले.

आता प्रश्न विकायचा. जमादाराला पहारा सोडून दुकान मांडता येत नव्हतं, आणि त्याला त्यात रसही नव्हता. "मैंने लिया, अब मैं तुमकू देता. मेरी तरफ से बेचो," तो म्हणाला. बापाने यावर रात्रभर विचार केला असावा. सकाळी म्हणाला, "ह्या वाटेनं आलं तर चालतंय."

सिरसाळ्याला जायचं मीच सुचवलं. बाजार मोठा, गाडीवान फार, आणि तिथे बापाला रोज ओळखणारं कुणी नाही. निघायच्या आधी बापाने प्रत्येक छागळीत जमादाराने शेंदून दिलेलं ओंजळभर पाणी ठेवलं. मी म्हणालो, "बा, ही गावची विक्री आहे. हे ओततील."

"ओतू दे," बा म्हणाला. "आता कोरडी देनार न्हाई म्या. लई दीस दिली."

सिरसाळ्यात आम्ही बाजाराच्या कडेला, गाड्या सोडतात तिथे बांबूवर छागळी टांगल्या. पहिलंच गिऱ्हाईक वडवणीकडचा शेतकरी होता, पागोटंवाला, बैलांची जोडी झकास. त्याने एक छागळ खाली घेतली, कानाशी हलवली.

"आत काय हाय?"

"पानी," बा म्हणाला.

"कुनाचं?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. पाणी अरबाने शेंदलेलं होतं, हे खरंही होतं, आणि अरबाचं पाणी म्हटलं तर त्याचा एक निराळा रुबाब पडला असता. मी बापाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"शेंदलं जमादारानं. भरलं म्या," बा म्हणाला. "घ्यायची तर तशी घ्या."

बैलांनी माना हलवल्या. त्या माणसाने छागळीवरून हात फिरवला, शिवण पाहिली, तोटी पाहिली. मग पैसे टाकले, छागळ गाडीच्या दांडीला बांधली आणि निघून गेला. प्यायला नाही. पण ओतलंही नाही. आमच्या समोर तरी नाही.

"बघितलंस?" बा मला म्हणाला.

त्या बाजारात दोघा-तिघांनी ओतलं. पहिल्याने ओतलं तेव्हा बापाने त्याच्या हातातून छागळ काढून घेतली आणि पैसे परत केले. तो माणूस चिडला. "अरे, विकतोस का भीक मागतोस?"

"इकतो," बा म्हणाला. "पर तुमाला न्हाई."

मी उठायच्या बेतात होतो, भांडायला मला तेव्हा फार आवडायचं. पण शेजारी कांदे विकणारी म्हातारी मध्येच बोलली, "जा रे बाबा पुढं. उनात बोंब मारायलास, तहान लागल तुला, मंग हितंच येशील." लोक हसले. तो गेला. परत आला नाही, पण त्याच्या मागचा माणूस न ओतता छागळ घेऊन गेला.

पाच-सहा बाजारांत सगळ्या संपल्या. तळाच्या गठ्ठ्याचं नुकसान झालं ते झालंच, चारी घरांनी ते वाटून घेतलं आणि चुलत्याने त्याबद्दल मला वर्षभर ऐकवलं. ज्यांनी ओतलं नाही ते सगळे प्यायले असतील असं मी म्हणणार नाही. वळणाआड गेल्यावर कुणी काय केलं ते मला माहीत नाही. पण पुढल्या हंगामात सिरसाळ्याचे आणि वडवणीचे गाडीवान आमची गल्ली विचारत बीडला यायला लागले, एवढं मी पाहिलं.

मकल्ल्यामागचे रस्ते पुढच्या वर्षी उघडले. जमादाराला भावाची चिठ्ठी आली. भाऊ जिवंत होता, दोन उंट गेले होते. जमादाराने ती चिठ्ठी बापाला वाचून दाखवली. अरबी, बापाला एक अक्षर कळलं नाही, तरी त्याने शेवटपर्यंत ऐकली. त्याच आठवड्यात अडत्याचं पत्र आलं. मागणी पूर्वीसारखी आहे, माल लवकर पाठवा. मात्र गेल्या खेपेचा अनुभव पाहता या वेळी छागळी कोरड्या करून पाठवाव्यात.

मी वाचून दाखवलं. अडत्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं आणि मी तसं बापाला स्पष्ट सांगितलं. तो कातड्याला तेल चोळत होता.

"लिही त्याला," तो म्हणाला. "पान्यासकट घ्यायच्या तर पाठवतो. बूच ढिलं ठिवीन, गठ्ठे सैल बांधीन, म्हंजी सडायच्या न्हाईत. आन् यंदा निम्म्याच मिळतील."

"निम्म्या का?"

"बाकीच्या सिरसाळ्याला लागत्यात की."

मी तसंच लिहिलं आणि पत्र टपालात टाकलं. उत्तर यायला वेळ लागला. तोवर बापाने सिरसाळ्याच्या गाडीवानांसाठी, गाडीच्या दांडीला बसेल अशी लांब चामडी वादी कापायला घेतली होती.